इंग्लंडच्या राजांवर करिअर, आणि तेही नागपुरातून?

मागच्या महिन्यात या सदरात इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्या शिरच्छेदाबद्दल लिहिलं होतं. त्यावर भरपूर पत्रं आली, पण चार्ल्सबद्दल कमी आणि ‘असला अभ्यास करून पोट भरतं का’ याबद्दल जास्त. नागपूरकर मुद्द्यावर लवकर येतात. मी कॉलेजात ‘इंग्लंडचा इतिहास, १४८५ ते १७१४’ हा पेपर शिकवत शिकवत निवृत्त झाले, म्हणून संपादकांनी अख्खा गठ्ठा माझ्याकडे पाठवून दिला. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : मॅडम, मी बारावीत आहे, नंदनवनला राहते. आठव्या हेन्रीच्या सहा राण्यांवरच्या मालिका पाहून ट्यूडर घराण्याचं वेडच लागलंय. मला त्या काळाची इतिहासकार व्हायचंय. क्लासमधले सगळे हसतात. पण खरं सांगू का, असा इतिहासकार दिवसभर नेमकं काय करतो हे मलाही माहीत नाही.

हसू दे गं. या शहरात बारावीत असून नीट-जेईईचं नाव न काढणाऱ्या पोरीला हसायची रीतच आहे.

दिवसभर काय करतो? कागद वाचतो. कसा, ते एका कागदावरून सांगते.

१५५३ साली इंग्लंडच्या गादीवर सहावा एडवर्ड होता. वय पंधरा, आणि अंथरुणाला खिळलेला. आपल्यामागे गादी कुणाला, हे त्याने स्वतःच्या हाताने एका कागदावर उतरवलं. सावत्र बहीण मेरी कॅथलिक, म्हणून ती नको. दुसरी सावत्र बहीण एलिझाबेथ, तीही नको. मग नात्यातल्या बायकांना पुढे जे मुलगे होतील त्यांचा क्रम लावला. पंचाईत अशी की त्यातल्या एकीलाही मुलगा झालेला नव्हता आणि एडवर्डकडे थांबायला वेळ नव्हता. त्या बायकांतली एक म्हणजे लेडी जेन ग्रे. कागदावर मुळात होतं ‘लेडी जेनचे पुत्र’. तिथे नावामागचं एक अक्षर खोडलंय आणि ओळीच्या वरच्या अंगाला दोन शब्द चढवलेत. झालं ‘लेडी जेन आणि तिचे पुत्र’. बस, एवढीच खाडाखोड. जी नुसती भावी राजाची आई ठरायची, ती स्वतःच राणी ठरली. ६ जुलैला एडवर्ड गेला, १० जुलैला जेन ग्रे राणी म्हणून जाहीर झाली, १९ जुलैला मेरीने गादी घेतली. पुढच्या फेब्रुवारीत जेनचं डोकं उडवलं. तुझ्याहून फार मोठी नसेल ती.

मालिकेत हे सगळं रडारडीसह दाखवतील, पण इतिहासकाराचे प्रश्न वेगळे असतात. ती खाडाखोड कधी झाली? राजाच्या मनातलं होतं, की कुणी कानाशी लागून करवून घेतलं? जेनचा सासरा, नॉर्थम्बरलंडचा ड्यूक, तेव्हा राज्य चालवत होता. संशय सरळ त्याच्यावर जातो, आणि सरळ जातो म्हणूनच काही अभ्यासक तो मानायला तयार नाहीत. मुलगा हट्टी होता, धर्माच्या बाबतीत कट्टर होता, त्याचं त्यानेच केलं असेल, असं त्यांचं म्हणणं. मला स्वतःला हा दुसरा पक्ष पटतो. पंधराव्या वर्षी मुलं काही कमी हट्टी नसतात.

आता मुख्य अडचण. हे कागद तुला वाचता येणार नाहीत. इंग्रजी कितीही फाडफाड असो. सोळाव्या शतकातलं जे रोजचं वळण, त्याला सेक्रेटरी हँड म्हणतात. त्यात ‘ई’ उलटा बसलेला, ‘एच’चं शेपूट ओळीखाली लोंबतंय, ‘एस’ हा ‘एफ’सारखा, ‘यू’ आणि ‘व्ही’ एकमेकांच्या जागी. स्पेलिंग ज्याच्या त्याच्या मर्जीचं. एकच माणूस एकाच पानावर एकच नाव दोन तऱ्हांनी लिहितो. ज्यांनी मोडी शिकली आहे त्यांना हा त्रास ओळखीचा वाटेल. लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जने हे वळण शिकवणारे धडे इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत, आणि लॅटिनचेही, कारण तिथले कोर्टाचे कागद १७३३ पर्यंत लॅटिनमध्येच. परीक्षा संपली की सुट्टीत ते धडे करून बघ. एखादं पत्र उलगडताना जेवायचं भान राहिलं नाही तर तुझं वेड खरं. दोन दिवसांत जांभया यायला लागल्या तर मालिका बघ, कादंबऱ्या वाच, त्यातही काही वाईट नाही. पण राण्यांच्या गोष्टी आवडणं आणि हा पेशा आवडणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सगळे कागद असे डोकं उडवणारे नसतात, हेही आत्ताच सांगून ठेवते. एलिझाबेथ राणीला नवीन वर्षाला कुणी काय दिलं, याच्या लांबच लांब याद्या आहेत. कुणाची पैशांची थैली, कुणाचा भरतकाम केलेला झगा, आणि प्रत्येकाला राणीने उलट दिलेलं चांदीचं भांडं, वजनासकट. आपल्या लग्नातली आहेराची वहीच. आता ही वही कंटाळवाणी आहे का? वरवर हो. पण यंदा कुणाचं भांडं हलकं झालं, कुणाचं नाव वरून खाली सरकलं, हे ज्याला दिसतं त्याला दरबार कळतो.

बारावीनंतर बीए इतिहास कर, जोडीला फ्रेंच घे. फ्रेंच का ते पुढे एका उत्तरात येईल.

प्रश्न : माझी मुलगी एमए इतिहास करते आहे आणि तिला इंग्लंडच्या राजघराण्यांवर पीएचडी करायची आहे. आम्ही नागपूरच्या महाल भागातले. घरापासून भोसल्यांचा वाडा चालत जाण्याच्या अंतरावर. आपल्या राजांचा इतिहास सोडून त्यांचा कशाला? आणि हे करून नोकरी मिळेल का, हे स्पष्ट सांगा. — एक वडील

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण खरी काळजी तीच आहे.

सहायक प्राध्यापकाची कायम नोकरी मिळाली तर सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये, वर भत्ते. त्यासाठी एमएला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. राखीव प्रवर्गाला टक्क्यांत सूट आहे. विषय इंग्लंडचा असो की विदर्भाचा, नेटचा अभ्यासक्रम मुख्यतः भारताच्या इतिहासाचा, त्यामुळे तिला तोही पक्का लागेल. हे झालं कागदावरचं. व्यवहारात बहुतेक मुलं आधी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर लागतात. घेतलेल्या तासांचे पैसे, तेही उशिरा, आणि उन्हाळ्यात शून्य. माझे अत्यंत हुशार विद्यार्थी वर्षानुवर्षं दोन-दोन कॉलेजांत सीएचबी करत आहेत. हे लपवून तुमच्या मुलीला ‘मनाचं ऐक’ सांगणारे खूप भेटतील. मी त्यातली नाही. इंग्लंडमध्येच नोकरी शोधायची म्हटलं तर तिथेही इतिहासाच्या जागा आटल्या आहेत, वर्ष-दोन वर्षांच्या करारांवर लोक गावं बदलत फिरतात.

म्हणून सल्ला असा, की पीएचडीला बसण्याआधी तिने नेट काढावी, आणि जमलं तर फेलोशिपसह काढावी. फेलोशिप मिळाली तर चार-पाच वर्षं ती तुमच्यावर अवलंबून नाही. जोडीला पुराभिलेख, संग्रहालयं, अनुवाद, प्रकाशन, स्पर्धा परीक्षांचं शिकवणं, यातलं एखादं दार उघडं ठेवावं. लग्नाचं काय, असंही तुमच्या पत्राच्या शेवटी आहे. ते सदर शेजारच्या पानावर असतं.

आता ‘आपले राजे सोडून’. भाऊसाहेब, तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले, मुलगा नव्हता, आणि १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं. दत्तकाचा हक्क कंपनीने मानला नाही. हे तुमच्या गल्लीतलं पोरही सांगेल. पण वारस नसला की जमीन वरच्या धन्याकडे परत जाते, ही कल्पना इंग्लंडच्या जुन्या जमीन-कायद्यात शेकडो वर्षं मुरलेली होती. तिथे खुद्द राजाची गादी कुणी कुणाला द्यायची, ती मृत्युपत्राने देता येते की पार्लमेंटने ठरवायची, याचा घोळ सबंध ट्यूडर काळभर चालला. ज्याने तो घोळ वाचला आहे, तो डलहौसीचे कागद वेगळ्या डोळ्यांनी वाचतो. आणि वारसाच्या भांडणात आपण तरी कुठे मागे होतो? जानोजी भोसल्यांच्या मागे मुधोजी आणि साबाजी, त्यांचेच दोघे भाऊ, १७७५ मध्ये पाचगावला लढले आणि साबाजी तिथे पडले. तुमची मुलगी ट्यूडर शिकून वाड्यापासून लांब जाईल असं मला वाटत नाही.

प्रश्न : मी वर्ध्याहून नागपूरला पीएचडीसाठी येतो. स्टुअर्ट, म्हणजे ट्यूडरांनंतरच्या, राजेशाहीवर काम करायची इच्छा आहे, पण लंडनला जाणं परवडणारं नाही. इथे बसून प्रबंध होईल का? गाईड म्हणतात विषय बदला.

गाईडचं अर्धं बरोबर आहे. ‘पहिल्या चार्ल्सची कारकीर्द’ असा विषय घेतलात तर बदलाच. त्यावर तिकडे कपाटं भरली आहेत आणि तुम्ही त्याच पुस्तकांची उजळणी कराल. पण राजेशाही जिथे आपल्या किनाऱ्याला लागते, तिथे उभे राहिलात तर बाजू तुमची.

मुंबईचंच घ्या. १६६१ च्या करारात पोर्तुगालने राजकन्या कॅथरिनच्या लग्नात दुसऱ्या चार्ल्सला मुंबई बेट आंदण दिलं, हे शाळेत असतं. तिथून पुढचं शाळेत नसतं. बेट राजाला झेपेना, खर्च वाढला, तेव्हा १६६८ मध्ये त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड खंडाने देऊन टाकलं. त्या सनदेत लिहिलंय की कंपनीने मुंबई धारण करायची ती ‘ईस्ट ग्रीनिचच्या मॅनॉर’प्रमाणे. म्हणजे कायद्याच्या नजरेत आपलं माहीम-परळ हे लंडनजवळच्या एका राजघराण्याच्या जहागिरीच्या धर्तीवरची जमीन! हेच ते ग्रीनिच, जिथे आठवा हेन्री आणि एलिझाबेथ जन्मले. अमेरिकेतल्या वसाहतींच्या सनदांतही हेच ग्रीनिच येतं. का येतं? कारण त्या प्रकारच्या धारणेत राजाची लष्करी चाकरी करावी लागत नसे, ठरलेला खंड भरला की झालं. राजाचा हक्क सात समुद्रापार कसा नेला गेला, यावर एका सनदेवरून अख्खं प्रकरण लिहिता येईल. मराठी आणि मोडी येणारा माणूस त्याला महसुली महालांच्या, वतनांच्या, इजाऱ्याच्या आपल्याकडच्या कागदांशी ताडून पाहू शकतो. ऑक्सफर्डच्या मुलाला ते जमणार नाही.

साधनं म्हणाल, तर ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइनवर सरकारी कागदांचे सारांशग्रंथ मोठ्या प्रमाणात मोफत आहेत. सुरत, राजापूर, मुंबईच्या वखारवाल्यांची पत्रं विल्यम फॉस्टरने संपादित केलेल्या खंडांत छापलेली आहेत. जुन्या ग्रंथालयांत सापडतात, स्कॅनही मिळतात. पुराभिलेखाची शाखा तर नागपुरातच आहे, तिथे आधी बसायची सवय लावा.

तारखांना मात्र जपा. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत कायद्याचं नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. शिवाजी महाराजांनी सुरत पहिल्यांदा लुटली ती जानेवारी १६६४ मध्ये, पण वखारीतल्या इंग्रजाच्या हिशेबाने तो जानेवारी १६६३ चाच. चार्ल्सचं डोकं उडालं तेही त्यांच्या कागदांत जानेवारी १६४८. वर ज्युलियन आणि ग्रेगोरियन या दोन कॅलेंडरांतला दहा दिवसांचा फरक वेगळा. शके आणि तिथीशी झटापट करणाऱ्या मराठी अभ्यासकाला यात नवं काही नाही, पण व्हायवाला बाहेरचा परीक्षक पहिला हात इथेच घालतो.

प्रश्न : माझं शिक्षण मराठी माध्यमातून, इंदोऱ्यात. आजोबा एम्प्रेस मिल या कापडगिरणीत होते. इंग्लंडच्या राजाराण्यांवर आमच्यासारख्याने काही म्हटलं तर तिकडे कोण ऐकणार?

जेफ्री एल्टन हे नाव लिहून ठेव. ट्यूडर राज्यकारभारावर विसाव्या शतकात ज्याच्या शब्दाला सर्वांत वजन होतं, तो इंग्लंडात जन्मलेलाच नव्हता. १९२१ साली जर्मनीत ट्यूबिंगेनला, ज्यू घरात, एरेनबर्ग आडनावाने. पुढे प्रागमध्ये वाढला आणि नाझींमुळे १९३९ मध्ये कुटुंबासह इंग्लंडला आला. वेल्समधल्या एका शाळेत नोकरी करता करता लंडन विद्यापीठाची पदवी बाहेरून, पोस्टाने अभ्यास करून घेतली. तोच पुढे केंब्रिजला रीजिअस प्रोफेसर, म्हणजे राजसत्तेच्या नेमणुकीचा मानाचा प्राध्यापक, झाला. त्याचं म्हणणं असं, की १५३० च्या दशकात आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने राजाच्या घरगुती कारभाराचं रूपांतर कचेऱ्यांच्या, नियमांच्या राज्यकारभारात केलं.

त्याला भिडला त्याचाच विद्यार्थी डेव्हिड स्टार्की. बाप वॉशिंग मशीनच्या कारखान्यात फोरमन, आई आधी मागावर विणकाम करणारी, नंतर साफसफाईची कामं करणारी. तुझ्या आजोबांच्या बिरादरीतली म्हण. स्टार्कीने कचेऱ्या बाजूला ठेवल्या आणि राजाच्या खाजगी दालनात कोण जातं ते पाहिलं. तिथे ‘ग्रूम ऑफ द स्टूल’ नावाचं पद होतं. मूळ काम राजाच्या शौचाच्या वेळची सेवा! पण राजाजवळ एकट्याने जायला मिळतं म्हटल्यावर मोठमोठे सरदार त्या जागेसाठी धडपडायचे. हेन्री नॉरिस हा त्या पदावरचा माणूस. आठव्या हेन्रीची राणी ॲन बोलिन हिच्यावरच्या व्यभिचाराच्या आरोपाच्या प्रकरणात १७ मे १५३६ ला त्याचं डोकं गेलं, राणीच्या दोन दिवस आधी. ‘साहेबांच्या केबिनबाहेर कोण बसतं’ हे ज्याला कळतं त्याला हे समजायला केंब्रिज लागत नाही. गुरू-शिष्याचं पुढे जाहीर भांडण झालं. स्टार्की टीव्हीवर राजघराण्यांचे कार्यक्रम करून घराघरात पोचला, आणि २०२० मध्ये गुलामगिरीवर बोलताना वर्णद्वेषी भाषा वापरून मानाची पदं घालवून बसला. त्याचं दरबारावरचं काम वाच. बाकीचं सोडून दे.

पैशाचं : अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. विद्यापीठाचा जागतिक क्रमांक पाहतात, म्हणून अर्ज करताना यादी आधी तपास. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीही आहे. तिच्या २०२२ च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषयच वगळले. मला तो निर्णय मुळीच आवडला नाही, आणि त्या वेळी त्यावर टीकाही भरपूर झाली. पण तुझा विषय इंग्लंडचा राजा आहे, तुला ती आडकाठी नाही. अर्ज भरताना चालू वर्षाचे नियम बघून घे.

प्रश्न : मालिकांत दाखवतात ते कितपत खरं असतं?

कपडे बरेचदा खरे असतात. एलिझाबेथ आणि स्कॉटलंडची राणी मेरी यांची समोरासमोर भेट पडद्यावर ठरलेली. प्रत्यक्षात त्या दोघी आयुष्यात एकदाही भेटल्या नाहीत. ॲन बोलिनबद्दलचे चटकदार प्रसंग कुठून येतात, तर पुष्कळसे पवित्र रोमन सम्राट पाचवा चार्ल्स याचा हेन्रीच्या दरबारातला वकील युस्तास शापुई याच्या पत्रांतून. तो फ्रेंचमध्ये लिहायचा, काही मजकूर सांकेतिक लिपीत, आणि ॲन त्याला डोळ्यासमोर नको असायची. नंदनवनच्या मुलीला फ्रेंच घे म्हटलं ते यासाठी.

प्रश्न : मला लंडनला काही आठवडे कागद पाहायला जायची संधी मिळते आहे. तयारी काय करू?

आधी खर्चाचं. भारतातल्या संशोधकांना अशा छोट्या दौऱ्यांसाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट अनुदान देतो, तिथे अर्ज केला नसेल तर करा.

नॅशनल आर्काइव्ह्ज लंडनच्या मध्यात नाही, पश्चिमेच्या क्यू भागात आहे. राहायची सोय त्या बाजूला बघा. वाचकाचं तिकीट मोफत, पण ओळखीचा आणि पत्त्याचा असे दोन पुरावे लागतात. घरमालकाच्या साध्या चिठ्ठीवर विसंबू नका, कुठले पुरावे चालतात ते त्यांच्या संकेतस्थळावर आधी वाचा. कागदांचे क्रमांक नागपुरातूनच काढून न्या. पहिल्या चार्ल्सचे देशांतर्गत सरकारी कागद हवे असतील तर ‘एसपी १६’ या मालिकेत आहेत. तिथे पोचून सूची चाळत बसाल तर अर्धे दिवस त्यातच जातील. फोटो स्वतःच्या कॅमेऱ्याने फुकट काढता येतात, तेव्हा वाचत बसू नका, काढत सुटा. प्रत्येक गठ्ठ्याचा पहिला फोटो त्याच्या क्रमांकाच्या चिठ्ठीचा, नाहीतर घरी आल्यावर कुठलं पान कशातलं ते कळायचं नाही. कंपनीचे कागद वेगळे, ते सेंट पँक्रसला ब्रिटिश लायब्ररीत, त्याचा पास निराळा. पेन आत नेऊ देत नाहीत, पेन्सिली न्या. आणि सुरुवातीचे दिवस अक्षर लागणार नाही म्हणून घाबरू नका; सहीपासून उलटं वाचायला लागा, नावं ओळखीची असतात, तिथून एकेक अक्षर सुटत जातं.